भागिले सत्त्याऐंशी

आमच्या डोक्यावरून रोज रात्री एक मालगाडी जाते. सुरुवातीला हे मी कुणाला सांगत नव्हतो. पन्नाशीला टेकलेला माणूस असं काही बोलायला लागला की घरचे आधी त्याचा रक्तदाब मोजतात. पण या घरात राहायला आल्यावर तिसऱ्या रात्री बायकोनंही ऐकलं. खडखड, खडखड, मग काहीतरी घसरल्याचा बारीक आवाज, मग पुरुषी आवाजात एक कळवळून काढलेलं "अरेरे", मग शांतता.

चौथ्या रात्री मी वर गेलो. तावातावानं निघालो होतो, त्यामुळे अंधारात पायात एक माझी आणि एक चिरंजीवांची चप्पल आली, ते वरच्या जिन्यातल्या दिव्याखाली कळलं. पण परत फिरलो असतो तर राग निवला असता. तसाच गेलो. दार उघडलं एका सत्तरीच्या गृहस्थांनी. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, कपाळावर खाणकामगारासारखा दिवा आणि हातात चिमटा.

"काका, रात्री वरून आवाज येतो."

"कसला?"

"गाडीचा."

मी समजत होतो ते ओशाळतील. त्यांचा चेहरा कपाळावरच्या दिव्यापेक्षा जास्त उजळला. "किती वाजता ऐकलीत?"

"पावणेअकरा झाले असतील."

"म्हणजे बारा मिनिटं लेट," असं म्हणत त्यांनी दारामागच्या खिळ्याला टांगलेली वही काढली आणि माझी तक्रार वक्तशीरपणाच्या नोंदीत लिहून घेतली. मग चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उंची किती हो तुमची?"

"पाच सहा."

"पाच फूट सहा इंच? चपला सोडून?"

"सोडून."

"अहो, मग तुम्ही ब्रॉडगेज!" आणि माझा हात धरून त्यांनी मला आत ओढलं. मी तक्रार करायला गेलो होतो हे मला घरी परत आल्यावर, सव्वाबारा वाजता आठवलं.

भारतातल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर पाच फूट सहा इंच असतं. १६७६ मिलिमीटर. आयुष्यातली सत्तेचाळीस वर्षं ही उंची मी निमूट वागवली, तिचा कधी कुणाला आनंद झाला नव्हता. लग्नाच्या वेळी तर मामेसासऱ्यांनी "बरी आहे" एवढंच म्हटलं होतं. इथं एक अनोळखी माणूस मी रुळांमध्ये आडवा झालो तर दोन्हीकडे बरोब्बर टेकेन या कल्पनेनं हरखून गेला होता.

वरचे काका हा माणसांचा एक प्रकार आहे. आमच्या काकांची ओळख पक्की झाल्यावर मला ते सगळीकडे दिसायला लागले. सदाशिव पेठेत दिसले, डोंबिवलीत दिसले, नाशिकला एका लग्नात तर मुलाकडच्यांत दोन निघाले आणि जेवणाची पंगत उठली तरी त्यांचं सांधे बदलायच्या मोटारीवरचं बोलणं संपलं नव्हतं. यांचा धंदा काहीही असतो. आमचे काका बँकेतून निवृत्त झाले, एक दिवस रेल्वेत नोकरी केलेली नाही. पण घरातली एक आख्खी खोली त्यांनी रेल्वेला दिली आहे. फ्लॅट दोन बेडरूमचा असेल तर विकत घेताना कागदावर दोन असतात, एवढंच.

काकांच्या खोलीत बोरघाट आहे. कर्जत, पळसदरी, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा, लोणावळा. हे सगळं १ ला ८७ या प्रमाणात, म्हणजे खऱ्या वस्तूचं माप घ्यायचं आणि सत्त्याऐंशीनं भागायचं. या छंदातले लोक त्याला एच-ओ म्हणतात. आता खरा कर्जत-लोणावळा घाट अठ्ठावीस किलोमीटरचा. भागिले सत्त्याऐंशी केलं तरी तीनशे बावीस मीटर होतात. एवढी लांबी आमच्या सोसायटीत पार्किंग, गच्ची आणि सेक्रेटरींचा अहंकार धरूनही भरत नाही. तेव्हा काटछाट करावी लागते. काकांनी काळजावर दगड ठेवून जांब्रुंग वगळलं. मुंबई-पुणे प्रवासात जांब्रुंगला कधी कुणी तिकीट काढून उतरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, पण काकांना ते लागून राहिलं आहे. कपाटाच्या दारावर त्यांनी स्टेशनाच्या पिवळ्या पाटीसारखी "जांब्रुंग" अशी छोटी पाटी लावली आहे. बनियन काढायला कपाट उघडलं की जांब्रुंग आत जातं आणि बाहेर येतं.

खऱ्या रेल्वेला हे लोक "प्रोटोटाइप" म्हणतात. ही गोष्ट कळली तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो. म्हणजे १८६३ साली हजारो मजुरांनी डोंगर फोडून बोरघाटातून जी गाडी नेली, ती नुसता कच्चा नमुना. पक्की आवृत्ती आमच्या सीलिंगवर आहे. काकांच्या तोंडी हा शब्द दिवसातून चाळीसदा येतो आणि त्याचे दोन प्रयोग आहेत. दुसऱ्याचं काही चुकलं की, "प्रोटोटाइपला असं नसतं." स्वतःची गाडी घसरली की, "प्रोटोटाइपलासुद्धा हे होतं." या दोन वाक्यांवर माणूस अख्खं आयुष्य काढू शकतो. मी ऑफिसात प्रयोग करून पाहिला, चालतं.

काकांच्या आयुष्यात एक दुःख आहे. पावणेतीन मिलिमीटरचं. आपली ब्रॉडगेज सत्त्याऐंशीनं भागली की १९.२६ मिलिमीटर येतात. बाजारात तयार रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या चार फूट साडेआठ इंची गेजवरून काढलेले. म्हणजे काकांची डेक्कन क्वीन, रंग अचूक, खिडक्या अचूक, पण धावते ती आपल्या रुळांपेक्षा अरुंद रुळांवर. तुम्हाआम्हाला दहा वर्षं बघत बसलो तरी कळणार नाही. मी काकांना तसं म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू काही मी म्हणालो, श्रीखंडात चक्का असला काय आणि नसला काय.

या पावणेतीन मिलिमीटरवरून त्यांच्या मंडळीत पंथ पडले आहेत. मंडळी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी काकांकडे जमतात. पाचसहा जण. त्यांच्यातले एक कडवे शुद्धतावादी आहेत. त्यांनी तयार रुळांवर बहिष्कार टाकला असून ते १९.२६ चे रूळ स्वतः हातानं घालतात. एकेक स्लीपर कापायचा, एकेक रूळ मोजायचा, डाग द्यायचा. पाच वर्षांत त्यांचे साडेअकरा इंच झाले. त्यांचं नाव मंडळीत "साडेअकरा" असंच पडलं आहे. त्या साडेअकरा इंचांवर एक डबा व्यवस्थित उभा राहतो. त्याला जायला जागा नाही, पण उभा राहतो तो अगदी ब्रॉडगेजवर.

दुसरे आहेत खोकेसाहेब. त्यांच्याकडे म्हणे तीसच्या वर इंजिनं आहेत. म्हणे, कारण कुणी पाहिलेली नाहीत. सगळी कंपनीच्या सीलबंद खोक्यात. "खोकं उघडलं की निम्मी किंमत गेली," असं ते सांगतात. काका म्हणतात, हे म्हणजे पुरणपोळी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्यासारखं आहे. बँकेत लॉकरचंच खातं सांभाळल्यामुळे काकांच्या या उपमेला वजन आहे. तिसरे डबल-ओ. यांच्या भाच्यानं लंडनहून हॉर्नबीचं इंजिन आणलं. हॉर्नबीचं माप १ ला ७६, म्हणजे एच-ओपेक्षा थोडं मोठं, पण रूळ तेच साडेसोळाचे. त्यामुळे ते काकांच्या कर्जत स्टेशनात गाडी आणतात तेव्हा फलाटावरचे प्रवासी तिच्या पायरीकडे हताश होऊन बघताहेत असं वाटतं. गाडी काढून घ्या असं काका पाहुण्याला कसं म्हणणार? ते म्हणतात, "हं, आता जरा यार्डात विश्रांती घेऊ दे तिला." आणि एक हिंजवडीतला मुलगा आहे, त्याच्या पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतःचा पत्ता असतो आणि रुळातून विजेबरोबर हुकूमही जातात. तो मोबाइलवरून गाडी चालवतो, शिट्टी वाजवतो, इंजिनाला उसासा टाकायला लावतो. काका अजून जुन्या बारा व्होल्टच्या गोल बटणावर आहेत. मुलगा आला की ते बटण ते पंच्यानं पुसतात, पण नवं घ्यायचं नाव काढत नाहीत.

पहिल्यांदा मी त्या बैठकीला बसलो तेव्हा मला वाटलं, आता इंजिनांचा इतिहास निघेल, जुन्या वाफेच्या आठवणी निघतील. तसलं काही नाही. पहिला तास फेविकॉलवर गेला. पाणी किती, भांड्याच्या साबणाचा थेंब एक की दोन, आणि तो आधी घालायचा की नंतर. मग रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक मिलिमीटरचे स्क्रू मिळणं बंद झालं, याबद्दल शोक. तिथून गाडी गुडघ्यांवर आली, कारण या छंदात अर्धं काम टेबलाखाली वाकून असतं. मग एकानं पुन्हा विचारलं, "रूळ कशानं पुसता हल्ली?" हा प्रश्न यांच्यात "जेवलात का?" सारखा आहे. तो आल्याआल्या विचारतात, जाताना विचारतात, फोनवर तब्येत विचारण्याच्या ऐवजी विचारतात. पुण्याच्या धुळीनं रूळ काळवंडतात, मग वीज चाकापर्यंत पोचत नाही, मग गाडी अडखळते. कुणी स्पिरिटवाला, कुणी खोडरबरवाला. स्पिरिटवाले आणि खोडरबरवाले यांच्यात सोयरीक होऊ शकेल असं मला वाटत नाही. अडीच तासांत गाडी एकूण दोनदा फिरली आणि दोन्ही वेळा मंडळी पोहे खात होती. पोहे बाहेरच्या खोलीत. बोरघाटात पोह्यांना बंदी आहे, कारण एका पोह्याचा दाणा सत्त्याऐंशीनं गुणला की रुळावर आडवी पडलेली परात होते.

गुणाकार-भागाकाराची ही सवय खोलीपुरती राहत नाही. काका स्वयंपाकघरात आले की काकू डब्यांवर हात ठेवतात. खऱ्या रुळांखालची खडी साधारण पाच सेंटिमीटरची. भागिले सत्त्याऐंशी म्हणजे रव्याचा दाणा. (खसखस मोठी पडते. काकांनी मोजली आहे.) तेव्हा एका श्रावणात काकांनी दोन किलो रवा राखाडी रंगवून कर्जत यार्डात अंथरला आणि फेविकॉलचं पाणी सोडलं. सकाळी पाहतात तो यार्डातली निम्मी खडी गेलेली आणि उरलेली रांगेनं भिंतीच्या फटीकडे चाललेली. मुंग्यांना फेविकॉलचं काही वावडं नव्हतं. काकू म्हणाल्या, "चला, कुणाच्या तरी पोटात गेला." तेव्हापासून खडी चाळलेल्या वाळूची. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडं होतात. उदबत्तीच्या काड्यांचे तारेचे खांब होतात. घाटातली माती म्हणजे उन्हात वाळवलेला चहाचा चोथा. तो आमच्याही घरून जातो, बायको पिशवी भरून ठेवते. फक्त काकू चहात आलं आणि वेलदोडा दोन्ही घालतात, त्यामुळे पावसाळी हवेत मंकी हिलला पाहुणे आल्यासारखा वास सुटतो.

पैशांचा मामला नाजूक. पार्सल येतं ते खालच्या मजल्यावर, माझ्या नावावर. मी ते रात्री वर नेऊन द्यायचं. काकूंनी विचारलंच तर काका किंमत सांगतात, खोटं बोलत नाहीत, फक्त तीही प्रमाणात सांगतात. सव्वीस हजार शंभरांचं इंजिन काकूंना तीनशे रुपयांना कळतं. मला यात पातकात सामील झाल्यासारखं वाटायचं. एकदा जिन्यात काकू एकट्या भेटल्या तेव्हा मी चाचरत विषय काढला. त्या हसल्या. "अहो, मी सत्त्याऐंशीनं गुणते ना. चाळीस वर्षं बँकवाल्याबरोबर काढलीत." मग दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "त्यांना सांगू नका. बिचारे मग भाव खरे सांगायला लागतील आणि घ्यायचेच बंद होतील."

काकांबरोबर खऱ्या गाडीनं प्रवास करू नये. मी एकदा केला. मुंबईहून डेक्कन क्वीननं परत येत होतो. या गाडीची पहिली फेरी १ जून १९३० ची, हे मला व्हीटीलाच कळलं. व्हीटीच, काका अजून तेच म्हणतात. डायनिंग कार म्हणजे त्या गाडीचा आत्मा, हे कल्याणच्या आत कळलं. काकांच्या खोलीत ही गाडी सहाच डब्यांची आहे. सतरा डब्यांची केली तर सव्वाचार मीटरच्या वर जाते आणि खोलीची भिंत अकरा फुटांवर आहे. पण त्या सहांतला एक डबा डायनिंग कारचा. बाकी प्रवासी कमी झाले तरी चालतील, टोस्ट आणि कटलेट कमी होता कामा नये. घाट लागला. बाहेर धबधबे, ढग, हिरवंगार सगळं, डबाभर लोक मोबाइल उंचावून उभे. काका खाली बघत होते. शेजारच्या रुळावर उभ्या मालगाडीच्या डब्यांच्या कडेनं ओघळलेला गंज बघत होते. "बघा, बघा, वरून खाली येताना कसा पातळ होत जातो. आम्ही मूर्खासारखा सगळीकडे सारखा लावतो." लोणावळ्याला ते खाली उतरून एका वाघिणीच्या चाकाचे फोटो काढायला लागले. रेल्वे पोलीस आला.

"काय काढताय?"

"गंज."

"कशाला?"

"घरी लावायचाय."

पोलीस काही क्षण काकांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मी काकांचा कोण, हे त्याला कळत नव्हतं, पण त्यानं माझ्या खांद्यावर थोपटल्यासारखा हात ठेवला आणि "सांभाळून न्या," म्हणाला.

पाहुणा आला की काका त्याला आधी कोथरूडला, कर्वे रस्त्याजवळच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात नेतात. भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं ते संग्रहालय काकांचं पंढरपूर आहे. अंधार करून तिथं गाड्या सुरू होतात, माहिती सांगितली जाते आणि काका त्या माहितीच्या अर्धा सेकंद आधी तीच माहिती पाहुण्याच्या कानात सांगतात. तिथून पाहुणा मऊ झाला की मग घरचा बोरघाट. पाहुणा येण्याची काकांना जबर हौस आणि तेवढीच भीती. हात लावू नका असं ते म्हणत नाहीत. ते स्वतः दोन्ही हात मागे बांधून उभे राहतात आणि पाहुण्याला लाजेनं तसंच उभं राहावं लागतं. लहान मुलांवर हा उपाय चालत नाही. मुलं इंजिनाला सरळ "झुकझुक गाडी" म्हणतात आणि विजेचं इंजिन झुकझुक करत नाही हे काका त्यांना सांगू पाहतात, प्रोटोटाइपसकट.

गाडी घसरली की नोंद होते. दारामागे दुसरी एक वही आहे, अपघातांची. बँकेतली सवय. तारीख, वेळ, ठिकाण, कारण, जबाबदारी. ठिकाण ठाकूरवाडी, कारण काकूंचा पदर. ठिकाण पळसदरी, कारण मांजर, जबाबदारी दूधवाला (दार उघडं ठेवलं). चौकशी मी करायची. का, तर खऱ्या रेल्वे अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली असतात, म्हणजे ज्याचा अपघात त्यानंच निकाल द्यायचा असं होत नाही. हे मला आधी थट्टा वाटली, पण खरं निघालं. "म्हणून चौकशीला वरच्या मजल्यावरचा माणूस चालत नाही," काका म्हणाले. "तुम्ही खालचे." आजवर एकोणीस निकाल झाले. अकरांत मांजर दोषी आहे. एकात मी दोषी होतो, तेव्हा मी खुर्ची सोडून बाहेर बसलो आणि काकूंनी निकाल दिला.

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत सोसायटीनं काकांना देखाव्यासाठी गाडी मागितली. काका तीन दिवस जेवले नीट नाहीत. मग हो म्हणाले. घाटाचा एक तुकडा, पाच मीटरचा, खाली मांडवात आला. आता खऱ्या बोरघाटाचा चढ सदतीसात एक. सदतीस फूट पुढं गेलं की गाडी एक फूट वर. काकांनी तो चढ तंतोतंत ठेवला होता. एवढ्या चढावर छोट्या इंजिनाला चार डबे जड जातात, चढ थोडा कमी करा, असं हिंजवडीच्या मुलानं सांगून पाहिलं. "आणि मग बँकर कशाला लावायचे?" काका म्हणाले. कर्जतला गाडीच्या मागं जी जादा इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात त्यांना बँकर म्हणतात. काकांचा या शब्दावर हक्क आहे. "मीही आयुष्यभर तेच केलं, शेजारी. पुढं कर्ज काढणारा दिमाखात, मागून ढकलणारा बँकर कुणाला दिसत नाही."

पहिल्या संध्याकाळी आरती झाली, गर्दी जमली आणि बी विंगमधल्या एका चिमुरडीनं उघड्या वाघिणीत एक मोदक ठेवला. उकडीचा, तुपाची धार घातलेला. सत्त्याऐंशीनं गुणलं तर तो मोदक दुमजली घराएवढा होतो. काकांचे हात मागे बांधलेलेच होते. सगळ्या सोसायटीसमोर मोदक कसा काढणार? नैवेद्य तो. काकांनी बटण फिरवलं. गाडी कर्जतहून निघाली, मंकी हिलच्या वळणावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तूप रुळावर ओघळत होतं. मुलं ओरडायला लागली, काकांच्या कपाळावर घाम. मागचं बँकरचं इंजिन नेमकं त्याच वेळी रुसलं. काकांनी गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी वाकलो आणि पाठीमागून तर्जनी लावली. हळूहळू, चढाच्या वेगानं, एका बोटानं मी तो मोदक खंडाळ्यापर्यंत चढवला. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, ऑटोमॅटिक आहे वाटतं. काकांनी रात्री वहीत लिहिलं: ठिकाण मंकी हिल, कारण प्रसाद, बँकर शेजारी.

माझ्या ऑफिसात कुणी मला इतक्या आदरानं कशाला जबाबदार धरलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी काकांनी बोलावलं. बैठक नव्हती, पोहे नव्हते. काका एकटेच, कपाळावर दिवा. "कर्जतला जरा बघा," म्हणाले आणि मागे सरकून हात बांधून उभे राहिले. मी वाकून बघितलं. फलाट एक, चहाची गाडी, हमाल, एक झोपलेलं कुत्रं. स्टेशनमास्तरांच्या खिडकीपाशी एक नवा माणूस उभा होता. निळा बुशशर्ट, थोडं टक्कल, उजवा हात वर केलेला. तक्रार करायला आलेला माणूस जसा खिडकीशी हात नाचवतो तसा.

"ओळखलंत?"

मला एकदम काही बोलता येईना. माझ्या शर्टाच्या खिशातलं पेनसुद्धा होतं. घसा साफ करून मी म्हणालो, "चिकटवलाय का?"

"फेविकॉलनं. आता तुमची तक्रार कायमची नोंदवून घेतलेली आहे."

काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या, बंदीच्या रेषेबाहेर. त्यांनी माझ्याकडे आणि खिडकीतल्या माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं. काही तरी बोलायला हवं म्हणून मी काकांच्या टेबलावरचा व्हर्नियर उचलला आणि त्या माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत लावला. पुन्हा लावला.

"काका, चुकलं. हा साडेएकोणीस भरतोय. ब्रॉडगेज १९.२६ ना? पाव मिलिमीटर जास्त आहे."

काका खूश झाले. मी व्हर्नियर उचलेन याचीच ते वाट बघत होते.

"चपला धरून मोजलंत तुम्ही," ते म्हणाले आणि भिंग माझ्या हातात दिलं.

मी खाली वाकलो. एक तपकिरी होती, एक निळी.